'सई' : एका विरळ नावाची कुळकथा

माणसाच्या पाठीशी जन्मभर राहणारी वस्तू कोणती, असा प्रश्न आम्ही शाळेत असताना मुलांस विचारीत असू. कोणी सावली म्हणे, कोणी कर्म म्हणे. आमच्या मते ती वस्तू म्हणजे नाव होय. सावली अंधारात सोडून जाते. नाव मात्र मनुष्य गेल्यावरही दोन-तीन पिढ्या मागे रेंगाळते. परंतु ही गोष्ट पुरुषांच्या बाबतीत जितकी खरी, तितकी ती स्त्रियांच्या बाबतीत खरी ठरलेली नाही. आपल्याकडे स्त्रीचे नाव एकदा पाळण्यात ठेवले जाते आणि दुसऱ्यांदा बोहल्यावर. ह्या दोन नावांच्या मध्ये किती गोड, जुनी व अर्थपूर्ण नावे हरवून गेली, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा कोणत्या लढाईविषयी अथवा घराण्याविषयी लिहिण्याऐवजी अशाच एका नावाचा इतिहास ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले. ते नाव म्हणजे 'सई'. अक्षरे दोनच, परंतु त्या दोन अक्षरांत दोन हजार वर्षांची मराठी भाषा, छत्रपतींचे घर आणि आपल्या माजघरातील स्त्रियांचे जीवन, ही तिन्ही एकत्र आलेली आहेत.

नावे ठेवण्याची आपली रीत

प्रथम नाव ठेवण्याच्या रीतीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. मुलीचे नाव कसे असावे, ह्याविषयी जुन्या ग्रंथकारांनी नियम सांगितले आहेत. गृह्यसूत्रांत मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत, म्हणजे एक, तीन किंवा पाच असावीत, असे म्हटले आहे. मनुस्मृतीत स्त्रीचे नाव उच्चारावयास सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनास आवडणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे सांगितले आहे. 'सई' हे नाव ह्या कसोट्यांस लावून पाहिले तर गंमत दिसते. अक्षरे दोन असल्याने सूत्रकारांच्या परीक्षेत ते नापास होते; पण दुसऱ्या कसोटीस मात्र पूर्ण उतरते. उच्चार सोपा, अर्थ स्पष्ट, शेवटी दीर्घ ईकार. ज्यांनी हे नाव प्रथम ठेविले त्यांनी सूत्रेही पाहिली नसतील आणि स्मृतीही पाहिली नसेल. घरातल्या बायकांच्या तोंडी जे होते तेच त्यांनी पाळण्यात घातले.

आपल्या जुन्या स्त्री-नावांचे ढोबळ वर्ग करावयाचे झाल्यास ते असे होतील. पहिला देवतांचा : लक्ष्मी, पार्वती, अंबा, भवानी. दुसरा नद्यांचा : गंगा, यमुना, गोदावरी, भीमा, कृष्णा. तिसरा गुणांचा : सगुणा, गुणवंता, आनंदी. चौथा वर्ग लहान आहे, पण आमच्या मते सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, तो नात्यांचा. 'सोयरा' म्हणजे नातलग. हे नाव संत चोखामेळ्यांच्या पत्नीचे होते, तसेच शिवछत्रपतींच्या एका राणीचेही होते. 'सखू' म्हणजे सखी. कऱ्हाडच्या संत सखूमुळे हे नाव घरोघर पोहोचले. ह्याच चौथ्या वर्गात 'सई' बसते.

शब्दाची वाट

'सई' ह्याचा अर्थ सखी, मैत्रीण. मूळ संस्कृत शब्द 'सखी' हाच आहे. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दांच्या मध्यभागी असलेली ख, घ, थ, ध, भ ही महाप्राण अक्षरे झिजून त्यांच्या जागी नुसता 'ह' उरतो. 'दधि'चे 'दही' झाले, 'गभीर'चे 'गहिरा' झाले, 'मेघ'चे प्राकृतात 'मेह' झाले. त्याच नियमाने 'सखी'ची 'सही' झाली. पुढे मराठीच्या ओठावर तो 'ह'ही विरून गेला आणि 'सई' उरली. नदीतला धोंडा वाहत वाहत गुळगुळीत व्हावा, तसा हा शब्द शतकानुशतके बायकांच्या तोंडून वाहत आला आहे.

ह्या शब्दाचे जुनेपण पाहावयाचे असेल तर हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीकडे जावे लागते. महाराष्ट्री प्राकृतातील हा सातशे गाथांचा संग्रह आपल्या मातीतील लोकजीवनाचा मोठा ठेवा आहे. स. आ. जोगळेकर ह्यांनी १९५६ मध्ये त्याची मराठी आवृत्ती सिद्ध करून सामान्य वाचकांची मोठी सोय करून ठेविली. त्यातील कित्येक गाथा म्हणजे एका स्त्रीने आपल्या मैत्रिणीपाशी केलेले मनोगत आहे. नवरा परगावी आहे, सासू कडक आहे, पाऊस पडतो आहे, आणि बोलावयास माणूस एकच, ती म्हणजे सखी. तिला घातलेली हाक प्राकृतात 'सहि' अशी आहे. आजची 'सई' तिचीच वारसदार होय.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी होणारा घोटाळा दूर करणे अवश्य आहे. ह्याच ग्रंथाचे प्राकृत नाव 'सत्तसई' असे आहे. त्यातील 'सई' मात्र आपली नव्हे. 'सप्तशती' ह्या शब्दाचे ते प्राकृत रूप आहे. तसेच कागदावर आपण जी 'सही' करतो ती अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आली. तिचा आणि सखीचा काही संबंध नाही. आठवण ह्या अर्थाचा 'सय' हा शब्दही निराळा. शब्दांचीही माणसांसारखीच गत आहे. नावे सारखी असली म्हणून कुळे एक नसतात.

मराठीत हा शब्द बोलण्यात मोठ्या प्रेमाने वापरला जात असे. 'सई' हे एकवचन, 'सया' हे अनेकवचन आणि 'सये' ही हाक. जात्यावर बसून दळण दळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्यांत सई, साजणी आणि शेजी ह्या तिघी सतत भेटतात. शेजी म्हणजे शेजारीण. माहेर दूर राहिलेल्या, पोरवयात सासरी आलेल्या मुलीस मन मोकळे करावयास घरात जागा नसे. विहिरीवर, नदीवर किंवा जात्याशी जी बरोबरीची भेटे, तीच तिची सई. आपल्या समाजातील स्त्रियांच्या दुःखाचा अर्धा भार ह्या सयांनी वाहिला आहे.

ही नुसती मराठीचीच मिरास नाही. हिंदीतील 'सहेली' आणि गुजरातीतील 'सहियर' ह्या तिच्याच बहिणी. बंगालीत तर जिवलग मैत्रिणीस आजही 'सइ' असेच म्हणतात. तेथे दोन मुलींनी किंवा दोन स्त्रियांनी विधिपूर्वक 'सइ' होण्याची चाल होती. अशा मैत्रिणी एकमेकींस एखादे समाईक नाव देत आणि पुढे त्याच नावाने हाक मारीत. रवींद्रनाथ ठाकुरांची 'चोखेर बाली' ही कादंबरी १९०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा उगम अशाच एका समाईक नावात आहे. म्हणजे तिकडे नाते जोडले की नाव मिळे. आपल्याकडे नात्याचेच नाव करून ते पाळण्यात घातले गेले.

राजगडची सई

ह्या नावास इतिहासात जे स्थान मिळाले, ते फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातील एका कन्येमुळे. मुधोजीराव निंबाळकर ह्यांची ही कन्या इ. स. १६४० च्या सुमारास शिवरायांची प्रथम पत्नी होऊन भोसल्यांच्या घरात आली. वधू-वर दोघेही लहान होते. स्वराज्याचा त्या वेळी मागमूसही नव्हता. पुण्याची जहागीर, मासाहेब जिजाऊंची देखरेख आणि भोवतालचे मावळ, एवढाच तो संसार. पुढे तोरणा, राजगड, पुरंदर, जावळी अशी एकेक पायरी राजे चढत गेले, ती सर्व वर्षे सईबाईंनी त्यांच्या सोबतीने काढली.

त्यांच्या पोटी तीन कन्या झाल्या : सखूबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई. त्यानंतर दि. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. ह्या बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली. बाळास दूध पाजण्याकरिता कापूरहोळच्या धाराऊ गाडे ह्यांची योजना करावी लागली. अखेर दि. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले. संभाजीराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे होते. अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता. घरात हे दुःख घडल्यानंतर दोनच महिन्यांनी, दि. १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी राजांनी खानाचा वध केला. तो प्रसंग आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु त्या पराक्रमाच्या मागे नुकतेच सुने झालेले एक घर होते, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते.

सईबाईंस ना सिंहासन पाहावयास मिळाले, ना छत्र. राज्याभिषेक झाला तो १६७४ च्या जून महिन्यात. त्या वेळी पट्टराणीचा मान सोयराबाईंस मिळाला. राजगडावर आज सईबाईंची समाधी दाखवितात. गड चढून गेलेल्या प्रत्येकाने तेथे क्षणभर थांबावे. स्वराज्याच्या वैभवाचा वाटा त्यांना मिळाला नाही. त्याच्या काळजीचा वाटा मात्र त्यांनी पुरेपूर उचलला.

आता ज्या गोष्टीने आम्हांस ह्या नावाचा शोध घेण्यास प्रवृत्त केले, ती सांगतो. आईचे नाव सई. थोरल्या लेकीचे नाव सखू. ही सखूबाई पुढे फलटणच्या निंबाळकरांकडेच, बजाजीरावांचे पुत्र महादजी ह्यांना दिली गेली. 'सई' आणि 'सखू' ही वरवर दोन नावे दिसतात, पण मूळ शब्द एकच. आईचे नाव प्राकृताच्या वाटेने झिजून आलेले, लेकीच्या नावात मूळचा 'ख' शाबूत राहिलेला. आणि तिसरी गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. संभाजीराजांच्या पत्नी महाराणी येसूबाई ह्यांची म्हणून जी मुद्रा सांगितली जाते, तिच्यातील शब्द 'श्री सखी राज्ञी जयति' असे आहेत. सई, सखू आणि सखी राज्ञी. सासू, लेक आणि सून. एका घरातील तिघी स्त्रिया एकाच शब्दाच्या तीन रूपांनी इतिहासात उभ्या आहेत.

मुद्रेतील शब्द योजताना आईच्या नावाचे स्मरण झाले असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण इतिहास लिहिणाऱ्याने मोह आवरला पाहिजे. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, ज्या काळात राणीस 'लक्ष्मी', 'देवी' अशी बिरुदे लावणे सहज होते, त्या काळात भोसल्यांच्या घरात 'सखी' हा शब्द मानाचा होता. पत्नी ही सखी आहे, ही जाणीव त्यामागे आहे. पुढे येसूबाईंनी मोगलांच्या कैदेत दीर्घ काळ काढला आणि १७१९ मध्ये त्या स्वदेशी परतल्या. राज्य राखण्यासाठी त्यांनी जे सोसले, ते पाहता 'सखी राज्ञी' हे शब्द नुसते शोभेचे नव्हते, हे कोणीही मान्य करील.

नाव विरळ का झाले?

इतके गोड व इतक्या थोर घराण्यात मिरविलेले नाव पुढे विरळ का झाले, हा खरा प्रश्न आहे. आमच्या विचाराने त्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण धार्मिक. देवाचे नाव मुलास ठेवावे, म्हणजे हाक मारता मारता नामस्मरण घडते, ही श्रद्धा आपल्याकडे फार दृढ आहे. भागवतातील अजामिळाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याने अंतकाळी 'नारायण' म्हणून मुलास हाक मारली आणि तो तरून गेला. मग प्रत्येक घरात नारायण आणि विठ्ठल, लक्ष्मी आणि रुक्मिणी वाढल्यास नवल काय? 'सई' म्हणून हाक मारली तर पुण्य कोणते पदरी पडणार?

दुसरे कारण विद्येच्या अभिमानाचे. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, शाळा आल्या, संस्कृत नाटकांची मराठी रूपे रंगभूमीवर आली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. पुढे कादंबऱ्याही घरोघर वाचल्या जाऊ लागल्या. सुशिक्षित घरांतून शकुंतला, मालती, सुमती, सुशीला, निर्मला अशी संस्कृत वळणाची नावे रुजली. त्यांच्यापुढे सई, चिमा, ठकू, सखू ही घरगुती नावे गावंढळ वाटू लागली. लेकीला शाळेत घालताना बाप संकोचून म्हणे, "घरी सई म्हणतो, पटावर सुशीला लिहा."

तिसरे कारण सर्वांत बलवत्तर, आणि त्याचा उल्लेख आम्ही प्रारंभीच केला आहे. ते म्हणजे लग्नात नाव बदलण्याची चाल. ताटात तांदूळ पसरावयाचे, अंगठीने त्यांत नवे नाव लिहावयाचे, पेढे वाटावयाचे, आणि आठ-दहा वर्षांची मुलगी त्या घटकेपासून दुसरीच कोणी व्हावयाची. मोठमोठ्या स्त्रियांची उदाहरणे पाहावीत. काशीत जन्मलेली मणिकर्णिका १८४२ मध्ये झाशीस येऊन लक्ष्मीबाई झाली. १८६३ मध्ये जन्मलेली कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. १८६५ मध्ये जन्मलेली दुसरी एक यमुना गोपाळराव जोश्यांची आनंदीबाई झाली, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली तीही आनंदी ह्याच नावाने. १८९३ मध्ये महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईही आनंदीबाईच झाल्या. दोन यमुना आणि एक गोदा. तिन्ही नद्या सासरच्या उंबरठ्याशी आटल्या.

ह्या तर इतिहासाला ठाऊक असलेल्या स्त्रिया. त्यांची माहेरची नावे निदान पुस्तकांत तरी सापडतात. आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांतील स्त्रियांची नावे कोठे शोधावयाची?

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आमची आजी सासरी पार्वती होती. कुळाच्या वंशावळीत आजोबांच्या नावापुढे बारीक अक्षरात 'भार्या पार्वती' एवढीच नोंद आहे. परंतु दिवाळीत भाऊबीजेस तिचे वृद्ध बंधू गावाकडून येत, आणि ओटीवर पाय ठेवताच "सये, पाणी आण गं," अशी हाक देत. त्या हाकेसरशी आजीची चाल बदले. एरवी घरातील सर्वांस धाकात ठेवणारी ती वृद्धा त्या चार दिवसांत लहान मुलीसारखी हसे. बंधू निवर्तले, त्यानंतर 'सई' म्हणून तिला हाक मारणारे जगात कोणी उरले नाही. पुढे ती दहा वर्षे जगली. ती दहा वर्षे ती केवळ पार्वती होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या नातीचे नाव 'सई' ठेविले, तेव्हा बारशास आलेल्या मंडळींनी "नाव अगदी नव्या पद्धतीचे आहे हो," असा अभिप्राय दिला. चार पिढ्यांपूर्वीचे नाव नवे ठरावे, ह्यातच आपल्या विस्मरणाचे माप आहे.

पुनरागमन

सुदैवाने हे नाव समूळ नष्ट झाले नाही. रँग्लर परांजपे ह्यांच्या कन्या शकुंतलाबाई परांजपे ह्यांनी १९३८ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव 'सई' ठेविले. सई परांजपे ह्यांनी पुढे बालनाट्य, आकाशवाणी, दूरदर्शन आणि चित्रपट ह्या क्षेत्रांत केलेली कामगिरी सर्वांस विदित आहे. 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर' आणि 'कथा' ह्या त्यांच्या चित्रपटांनी हे नाव महाराष्ट्राबाहेरही नेले. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. आपल्या आठवणींच्या पुस्तकास त्यांनी 'सय' असे नाव दिले. आम्ही वर सांगितलेल्या दोन भिन्न शब्दांची ती मोठी सुंदर सांगड आहे.

दुसरीकडे शिवचरित्रावरील ललित वाङ्मयाने हे काम केले. रणजित देसाई ह्यांची 'श्रीमान योगी' आणि शिवाजी सावंत ह्यांची १९७९ ची 'छावा' ह्या कादंबऱ्या खेडोपाडी वाचल्या गेल्या. त्यानंतर दूरदर्शन संचाचा काळ आला. २००८ मध्ये सुरू झालेली 'राजा शिवछत्रपती' आणि २०१७ मध्ये सुरू झालेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' ह्या मालिका घराघरांत पाहिल्या गेल्या. सईबाई हे नाव इतिहासाच्या पुस्तकातील एका ओळीतून निघून माणसांच्या बोलण्यात आले. सांगलीच्या सई ताम्हणकर ह्या अभिनेत्रीमुळे तरुण पिढीस ते आणखी परिचित झाले.

ह्याच सुमारास लोकांची आवडही पालटली होती. लांबलचक संस्कृत नावांचा कंटाळा येऊन मुक्ता, जाई, जुई, सायली, ओवी अशी आटोपशीर व मराठी वळणाची नावे लोकांस आवडू लागली. आमच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटावर हा पालट आम्ही प्रत्यक्ष पाहिला. प्रारंभीच्या वर्षांत मंगल, सुनीता, संगीता, वंदना ह्यांचे राज्य होते. मग अश्विनी, पल्लवी, पूजा आल्या. 'सई' ही हाक वर्गात प्रथम ऐकू आली ती आमच्या नोकरीच्या उत्तरार्धात. आणि निवृत्त होण्याच्या सुमारास तर ती दर वर्षी कोणत्या ना कोणत्या वर्गात ऐकू येई. अजूनही हे नाव फार नाही, पण दुर्मिळ मुळीच म्हणता येणार नाही.

नव्या काळात एक नवी अडचण मात्र उद्भवली आहे. रोमन लिपीत 'सई' आणि 'साई' ही दोन्ही नावे सारखीच लिहिली जातात. त्यामुळे दाखल्यांवर, ओळखपत्रांवर आणि परीक्षेच्या यादीत मराठी मुलगी 'सई' असताना 'साई' होऊन बसते. काही पालक त्यावर उपाय म्हणून रोमन लेखनात ईकाराचे एक अक्षर अधिक घालतात. 'साई' हा शब्द 'स्वामी'पासून आला, 'सई' ही 'सखी'पासून आली. एकाचा अर्थ धनी, दुसरीचा अर्थ मैत्रीण. दोन्ही शब्द आदरणीय आहेत. पण मैत्रिणीस धनी म्हणून चालणार नाही. नाव नोंदविताना देवनागरी अक्षरे आग्रहाने तपासून घ्यावीत, अशी पालकांस सूचना करावीशी वाटते.

आपले कर्तव्य

आता ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य. 'सई' हे नाव सर्वांनी आपल्या मुलींस ठेवावे, असा आमचा आग्रह नाही. तसे झाल्यास वर्गात पाच-पाच सया होतील आणि मास्तरांची पंचाईत होईल! आमचे म्हणणे एवढेच की, 'सई'सारखी नावे ही कुळाची संपत्ती आहे. आपण जमिनीचे उतारे जपून ठेवतो, भांड्यांवर आजोबांची नावे घालतो. मग आजीचे माहेरचे नाव का जपू नये?

लग्नात मुलीचे नाव बदलणे कोणत्याही कायद्याने आवश्यक नाही. पुष्कळ कुटुंबांनी ही चाल सोडली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु काही घरांत अजूनही हौस म्हणून, पत्रिका जुळत नाही म्हणून, किंवा सासरी त्याच नावाची दुसरी सून आहे म्हणून नाव बदलले जाते. नव्या मुलीला हौसेने लाडके नाव द्यावे. पण तिचे जन्मापासूनचे नाव पुसू नये. शिकलेल्या मुलीची प्रमाणपत्रे एका नावाची आणि संसार दुसऱ्या नावाचा, ह्यामुळे होणारे कष्ट आपण सर्वांनी पाहिले आहेत.

शासनानेही ह्या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव समाविष्ट करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. प्रथम बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा तो क्रम आहे. ज्या आईचे नाव वंशावळीत बारीक अक्षरातही लिहिले जात नव्हते, ते आता लेकराच्या नावास जोडून चालणार आहे. मग ते नाव तिचे स्वतःचे असावे, एवढी अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

म्हणून आमची समाजापुढे एक नम्र सूचना आहे. आपल्या कुळांच्या वंशावळी पुन्हा लिहिण्याचा विषय सभांतून अधूनमधून निघत असतो. ते काम होईल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील स्त्रियांची दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे, पूर्ण अक्षरांत लिहून द्यावीत. लेकींचीही नावे द्यावीत. लग्न होऊन परघरी गेल्या म्हणून त्यांच्या जागी रेघ ओढू नये. ज्या घरांत ऐंशी-नव्वदीच्या वृद्धा आहेत, त्यांनी ह्याच दिवाळीत त्यांच्याजवळ बसून विचारावे : "आजी, तुझ्या माहेरी तुला काय म्हणत?" तिच्या आईचे नाव विचारावे, आत्याचे विचारावे, मावशीचे विचारावे. एका बैठकीत पंधरा-वीस नावे सहज निघतील. ती वहीत उतरून घ्यावीत. ह्या कामास पैसा लागत नाही. वेळ मात्र फार थोडा उरला आहे.

राजगडच्या सईचे नाव इतिहासाने राखले, कारण ती छत्रपतींची राणी होती. आपल्या घरोघरच्या सयांची नावे राखणारा इतिहासकार दुसरा कोणी येणार नाही. ते काम आपल्यालाच करावयाचे आहे. ते आपल्या हातून घडो, अशी कुलस्वामिनीच्या चरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.